सोळा पॉइंट दोन

त्या वर्षी एप्रिलमध्ये माझी बारावीची परीक्षा संपली आणि जुलैपर्यंत मला काही काम नव्हतं. नागपूरच्या कॉलेजचा फॉर्म गेला होता, उत्तर यायचं होतं. आईचं म्हणणं पडलं की घरात बसून ही मुलगी बोलायची विसरून जाईल. म्हणून दर शुक्रवारी सकाळी मला बहारीनमधल्या मआमीर गावच्या एका फार्मसीत मदतीला पाठवायचं ठरलं. तिथे पोचल्यावर फार्मसिस्टने पहिलीच अट घातली ती न बोलण्याची.

"मोळे," तो म्हणाला. मोळे म्हणजे त्याच्या मल्याळममध्ये 'अगं मुली'. "तुम लिखेगा. बोलेगा नहीं."

मला ही अट आवडली.

अटीला कारण होतं. माझ्या आधी जो माणूस मदतीला होता, त्याने एकाचा शुगरचा आकडा रांगेतल्या दुसऱ्याला सांगितला होता. संध्याकाळपर्यंत तो कामगारांच्या पूर्ण कॅम्पला कळला आणि ज्याचा आकडा होता त्याच्या खोलीतल्या तिघांनी त्याचं अंथरूण दाराशी नेऊन ठेवलं. शुगर एकाची दुसऱ्याला लागते अशी त्यांची समजूत होती. तेव्हापासून फार्मसिस्ट न बोलणारं माणूस शोधत होता. बाबा त्याच्याकडून बीपीच्या गोळ्या घ्यायचे. त्यांनी सांगितलं की असं माणूस आमच्या घरी आहे.

शुगर मोजायचं यंत्र तळहातात मावेल एवढं होतं. एका औषध कंपनीच्या माणसाने ते फुकट दिलं होतं, बरोबर पट्ट्यांचं मोठं खोकं. खोक्यावर ऑगस्टची एक्स्पायरी होती, त्यामुळे फार्मसिस्टच्या परोपकारालाही ऑगस्टपर्यंतचीच मुदत होती. तो बोटाला टोचायचा, पट्टीवर थेंब घ्यायचा, पट्टी यंत्रात सरकवायचा. मग पाऊण मिनिट सगळे यंत्राकडे बघत उभे राहायचे. आकडा आला की मी तो चिठ्ठीवर लिहायची. चिठ्ठीवर नाव नसायचं. तारीख, खाऊन की न खाता, आणि आकडा. आकडा अकराच्या वर असला तर बाजूला लाल पेनने एक ठिपका.

चिठ्ठी देताना फार्मसिस्ट म्हणायचा, "डॉक्टर को दिखाओ." हे तो ठिपकेवाल्यालाही सांगायचा आणि बिनठिपकेवाल्यालाही. दुकानदार गिऱ्हाइकाला 'पुन्हा या' म्हणतो तसंच ते होतं आणि लोकही तसंच ऐकायचे.

गर्दी मात्र व्हायची. सित्राच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांचे कॅम्प जवळच होते. शुक्रवारी कपडे धुऊन, केस कापून झाले की माणसं चालत यायची. हेल्थ सेंटरला जायचं तर सीपीआर कार्ड, म्हणजे तिथलं ओळखपत्र, लागायचं, सुपरवायझरची चिठ्ठी लागायची, अर्धा दिवस जायचा आणि ती चिठ्ठी टाइम ऑफिसातून फिरायची. म्हणजे कोणाला काय झालंय ते आधी टाइम ऑफिसला कळायचं आणि नंतर डॉक्टरला. फार्मसीत फक्त बोट लागायचं.

पट्ट्यांच्या खोक्यात इंग्रजीत बारीक छापलेला एक कागद होता. पहिल्या दोन शुक्रवारांत मी तो पूर्ण वाचून काढला. लोकांच्या तोंडाकडे बघायचं नसेल तर वाचायला काहीतरी लागतं. त्यात लिहिलं होतं की हे यंत्र एका मापात आकडा दाखवतं, काही देशांत दुसरं माप चालतं, आणि या मापाला अठराने गुणलं की ते माप मिळतं. मी वाचलं आणि घडी घालून परत ठेवलं.

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी बाबांच्या ओळखीचे एक काका रांगेत दिसले. ते आमच्याच समाजातले, वर्ध्याकडचे. सित्राच्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होते आणि कॅम्पमध्ये एकटे राहायचे. मुलगी नागपूरला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. "अजून दोन वर्षं पाहिजेत," हे वाक्य ते कुठल्याही विषयावर बोलताना कुठेतरी घालायचे.

"जय भीम, बेटा," ते मला म्हणाले.

"हॅलो, अंकल," मी म्हटलं.

त्यांनी वाईट वाटून घेतलं नाही. बाबा बाहेर गाडीत पेपर वाचत होते, त्यांनी ऐकलं असतं तर त्यांनी घेतलं असतं. मला घरात बोललेलं सगळं मराठी कळायचं. तोंडातून काढायची वेळ आली की मात्र ते कोणीतरी दुसऱ्याने वापरायला दिल्यासारखं वाटायचं, सांभाळून धरावं लागायचं. त्यापेक्षा इंग्रजी बरं, आणि त्याहून गप्प बसणं बरं.

काका शुक्रवारीही सेफ्टी शूज घालून आले होते. उजवा बूट डाव्यापेक्षा एक नंबर मोठा होता. माझं स्टूल बुटकं होतं आणि मी खाली बघत असायची, म्हणून ते मला दिसलं. त्यांनी फार्मसिस्टकडे आधी गॉझ आणि जखमेवरची पावडर मागितली.

"किसके लिए?"

"रूममेट के लिए."

"रूममेट को लाओ."

"ड्यूटी पे है."

शुक्रवार होता, सुट्टीचा. फार्मसिस्टने पावडर दिली. ते काउंटरपासून माझ्या टेबलापर्यंत आले तेव्हा रूममेटची जखम स्वतःच्या पायात असल्यासारखे चालत होते.

पायाची गोष्ट कंपनीच्या डॉक्टरला कळली तर काय होतं ते कॅम्पमध्ये सगळ्यांना माहीत होतं. सेफ्टी शूज घालता येत नाहीत म्हणजे प्लांटमध्ये जाता येत नाही, आणि जो प्लांटमध्ये जाऊ शकत नाही त्याचा व्हिसा कोणी रिन्यू करत नाही. परतीचं तिकीट कंपनीच काढते, तेवढी सोय असते.

काकांचा आकडा सोळा पॉइंट दोन आला. उपाशीपोटी. मी लिहिला, लाल ठिपका दिला.

"डॉक्टर को दिखाओ," फार्मसिस्ट म्हणाला आणि पुढच्याचं बोट धरलं.

काकांनी चिठ्ठी वाचली आणि त्यांचा चेहरा उजळला. "सोळा!" मागच्या माणसाला ते म्हणाले. "माह्या भावाची दोनशे निघते. अन् तो अजून शेतावर सायकलनं जाते!" लाल ठिपक्याकडे बघून त्यांनी मान हलवली. मास्तरांनी वहीवर दिलेला शेरा बघावा तशी. चिठ्ठी चार घड्या करून खिशात गेली.

मला ते विचित्र वाटलं. पण मोठी माणसं वाईट बातमी हसून घेतात असं मी बघितलं होतं. तसंच असेल असं मी धरलं आणि पुढचा आकडा लिहिला.

त्याच संध्याकाळी ईसा टाउनला एका घरी पौर्णिमेचा कार्यक्रम होता. बहारीनमध्ये वैशाखी पौर्णिमा ज्या शुक्रवारी सगळ्यांना सोयीची असेल त्या शुक्रवारी यायची. वंदना झाली, दोघांची भाषणं झाली, आणि मग खीर. त्या दिवशी खीर असतेच. घरातल्या मावशींनी दुधाचे किती डबे आटवले होते माहीत नाही, पण चमचा उभा राहत होता.

पुरुष हॉलमध्ये सतरंजीवर बसले होते. काका मध्ये होते, कारण गोष्ट सांगायची वेळ झाली होती. ही गोष्ट ते दर कार्यक्रमाला सांगायचे. एकदा त्यांच्या प्लांटमध्ये नवा माणूस आला. गावाकडच्या कारखान्यात त्याने जन्मभर दाबाचे गेज पीएसआयमध्ये वाचलेले. इथे पंपावरचा गेज बारमध्ये. सुई सातवर. सात बार म्हणजे शंभर पीएसआय, सगळं ठीक. पण या शहाण्याला वाटलं, शंभर पाहिजे आणि सातच आहे! मग तो प्रेशर वाढवत गेला.

"वाढवते, वाढवते," काका हाताने व्हॉल्व्ह फिरवत म्हणाले, "अन् सेफ्टी व्हॉल्व्हनं अशी शिटी मारली, की आख्ख्या शिफ्टच्या हातातला चहा खाली! मी धावत गेलो. म्हटलं, काहून रे बाप्पा? तर म्हनते, साहेब, सातच होता, मले दया आली!"

सगळे दरवेळसारखे हसले. मावशी खिरीचं पातेलं घेऊन आल्या.

"भाऊजी, तुम्हांला वाढू की नको? मागे तुम्ही म्हणत होता, घरी सगळ्यांना शुगर आहे."

"वाढा वहिनी, वाढा. आजच तपासली. माही सोळा निघाली."

"सोळाच?" मावशींनी डाव थांबवला. "अहो, माझ्या सासूबाईंना डॉक्टर सांगतात, एकशे वीसपर्यंत पाहिजे. सोळा म्हणजे फारच कमी झाली. चक्कर येईल तुम्हांला."

"येतेच ना! सकाळपासून अंगात ताकद नाई म्हणून समजा. घसाही कोरडा पडते."

"मग? खा तुम्ही." डाव वाटीत गेला. "एवढी कमी बरी नाही."

"खोटं वाटत असंल तर त्या पोरीले इचारा. तिनंच लिहिलं." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. सकाळचं टोचलेलंच बोट. "काय वं बेटा? सोळाच होती ना?"

हॉलमधल्या पंचवीस माणसांनी माझ्याकडे बघितलं. त्या वेळी मला खोक्यातला कागद आठवला, घडीसकट. एकशे वीस हे दुसरं माप होतं. सोळाला अठराने गुणायचं होतं.

मी मान हलवली. हो, सोळाच.

ते खरं होतं. माझ्या बाजूने एवढंच म्हणता येतं. त्यांनी सोळा होती का असं विचारलं होतं आणि सोळा होती. पुढचं सांगायला मराठीत निदान चार वाक्यं लागली असती, ती पंचवीस जणांसमोर, आणि मी पहिल्याच वाक्यात कुठेतरी 'ची'च्या जागी 'चा' म्हटलं असतं. मागच्या कार्यक्रमात मी 'माझा आई' म्हणाले होते आणि त्यावरचं हसणं अजून चालू होतं.

मी भिंतीला टेकून बसले आणि मोजत राहिले. काकांनी तीन वाट्या खाल्ल्या. गुणाकारही केला. दोनशे ब्याण्णव.

घरी जाताना गाडीत मी बाबांना म्हटलं, "पापा, दॅट मशीन यूजेस अ डिफरंट युनिट. ही शुड बी टोल्ड."

बाबांनी आरशातून बघितलं. "तो वीस वर्षं गेज वाचते. तू त्याले युनिट शिकवते?" मग थोड्या वेळाने म्हणाले, "सांगायचं असंल तर तवाच सांगायचं. इचारलं होतं त्यानं तुले."

मी ठरवलं, शुक्रवारी सांगू.

पुढच्या शुक्रवारी काका आले नाहीत. मी रांगेतल्या प्रत्येकाचे बूट बघितले. आमच्याकडे फोन होता, काकांच्या कॅम्पमध्येही एक होता, पण तो वॉचमनच्या खोलीत होता आणि वॉचमनला काय सांगायचं ते मला कुठल्याच भाषेत सुचलं नाही. बाबांना विचारलं तर ते म्हणाले, दिसले होते बसमध्ये, ठीक आहेत. काय खात होते, हे मी विचारलं नाही.

त्याच्या पुढच्या शुक्रवारी ते आले. रांगेत उभे न राहता भिंतीला धरून उभे होते. उजव्या बुटाची नाडी सोडलेली. खिशात कॅरॅमलच्या गोळ्या होत्या, त्यांतली एक तोंडात. रांगेतल्या एकाला म्हणाले, "ताकद नाई राहिली. बरं वाटावं म्हणून हे चालू केलं." त्यालाही एक दिली.

पट्टी यंत्रात गेली. पाऊण मिनिट. एकवीस पॉइंट आठ.

फार्मसिस्टने आकडा बघितला आणि पहिल्यांदाच 'डॉक्टर को दिखाओ' म्हणायला त्याला वेळ लागला. तेवढ्यात काका म्हणाले, "वाढली थोडी! चांगलं झालं. गोळ्यांचा फरक पडला."

मी पेन खाली ठेवलं.

"काका," मी म्हटलं. "हा गेज बारमध्ये आहे."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी बोलले याचंच त्यांना आधी नवल वाटलं असावं.

"आणि तुम्ही पीएसआय वाचताय."

तोंडातली गोळी एका गालातून दुसऱ्या गालात जायची थांबली. मला पुढे काहीच समजवावं लागलं नाही. चार वाक्यं लागतील असं मला वाटलं होतं, दोनच लागली.

"कितीनं?" त्यांनी विचारलं.

"अठराने."

ते माझ्यापेक्षा पटकन गुणाकार करायचे. "तीनशे ब्याण्णव." मग, "अन् त्या दिवशी?"

"दोनशे ब्याण्णव."

"बरोबर शंभर वाढवली म्हणजे." त्यांनी गोळी काढून कागदात गुंडाळली. "तुले त्या दिवशीच माहीत होतं?"

"सकाळी नाही. संध्याकाळी."

"कवा?"

"तुम्ही खीर खात होता तेव्हा."

"दोन वाट्या खाल्ल्या होत्या मी."

"तीन," मी म्हटलं.

ते हसले नाहीत. मीही विनोद केला नव्हता, मोजलं होतं तेवढं सांगितलं.

"मोळे, क्या बोला?" फार्मसिस्टने विचारलं. मी इंग्रजीत सांगितलं. त्याने यंत्र बाजूला ठेवलं, काउंटरच्या बाहेर आला आणि काकांना माझ्या स्टुलावर बसवलं. "जूता खोलो."

"रूममेटचा..."

"रूममेट का जूता खोलो."

बूट निघाला. मोज्याच्या आत गॉझ, गॉझच्या आत पावडर, तिचा लगदा झालेला. करंगळी काळी पडली होती आणि शेजारचं बोट तिच्या मागे निघालं होतं. वास आला तशी रांग आपोआप दारापर्यंत मागे सरली. काका दुसरीकडे बघत होते, पट्ट्यांच्या खोक्याकडे.

"दुखत नव्हतं," ते म्हणाले. "दुखलं असतं तर आलो असतो."

मी बाहेर जाऊन गाडीची काच वाजवली. बाबा आत आले, पाय बघितला आणि पेपरची घडी घातली.

"चला."

"नाई. दोन वर्षं पाहिजेत मले. आता गेलो तर कंपनीले कळते."

"पाय कापल्यावर नाई कळणार का?" बाबा म्हणाले. "एका पायानं जाशील बसमधून लपून?"

काका उठले नाहीत. सीपीआर कार्ड मात्र वरच्या खिशातच होतं. म्हणजे कधीतरी जावं लागेल हे त्यांनाही कुठेतरी माहीत असावं. मागच्या सीटवर बाबांनी पेपर पसरला, त्यावर पाय ठेवला, आणि ते इमर्जन्सीला गेले. मी फार्मसीतच राहिले, कारण रांगेत अजून सात जण होते आणि पट्ट्या संपवायच्या होत्या.

त्या सातांतल्या चौघांनी आपापल्या जुन्या चिठ्ठ्या काढून माझ्यापुढे धरल्या. "बेहेन, मेरा भी गुणा करो." एकाची अकरा पॉइंट पाच होती, त्यानेही महिनाभर ती कमी समजून खजूर खाल्ले होते. फार्मसिस्ट कपाळाला हात लावून बघत होता. मग त्याने नवं पॅड काढलं आणि मला म्हणाला, "मोळे, आज से दोनों लिखेगा." आणि जरा वेळाने, "थोडा बोलेगा भी."

काकांची दोन बोटं गेली. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन आठवड्यांनी पाऊल गेलं असतं. हे बाबांनी जेवताना सांगितलं आणि पोळी मागितली. दोन आठवड्यांचा हिशेब मला येत होता. पौर्णिमेच्या संध्याकाळपासून त्या शुक्रवारपर्यंत बरोबर तेवढेच झाले होते. बोटं दोन, आठवडे दोन. त्या संध्याकाळी मी बोलले असते तर बोटं राहिली असती का, हे मी कोणाला विचारलं नाही. एकदा फार्मसिस्टला विचारणार होते. तो म्हणाला असता, डॉक्टर को पूछो.

कंपनीने त्यांना प्लांटसाठी अनफिट ठरवलं. मग बाबा आणि आणखी तिघे शर्ट इस्त्री करून ऑफिसात गेले. कंट्रोल रूममध्ये पॅनेल बघायला माणूस लागतो, तिथे सेफ्टी शूज लागत नाहीत, असं त्यांनी सांगितलं. दोन वेळा 'इंशाल्ला' ऐकून परत आले, तिसऱ्यांदा काम झालं. कंट्रोल रूमला ओव्हरटाइम नसतो, त्यामुळे काकांची दोन वर्षं तीन झाली. पण व्हिसा राहिला.

जुलैच्या पहिल्या शुक्रवारी माझा फार्मसीतला शेवटचा दिवस होता. नागपूरच्या कॉलेजचं उत्तर आलं होतं, मंगळवारी मुंबईचं विमान होतं. काका आले. पायात साधे कापडी बूट होते, दोन्ही एकाच नंबरचे, उजव्याच्या टोकाला बाहेरच्या बाजूने कापूस भरलेला. रांगेत ते सरळ उभे राहिले, नंबर आल्यावर बोट पुढे केलं.

"जय भीम, काका," मी म्हटलं. मला वाटलं होतं त्यापेक्षा ते मोठ्याने निघालं. दारातल्या माणसानेही वळून बघितलं.

काकांनी एकदा माझ्याकडे बघितलं.

"हॅलो," ते म्हणाले.

फार्मसिस्टने टोचलं. पाऊण मिनिट आम्ही दोघं यंत्राकडे बघत राहिलो. आठ पॉइंट सहा. मी पेन उचललं.

"एकशे पंचावन्न," काका म्हणाले. "लिही."

मी दोन्ही लिहिले. ठिपका द्यायचा नव्हता. त्यांनी चिठ्ठी उलटसुलट करून तरीही एकदा बघितलं, मग चार घड्या घालून खिशात ठेवली आणि मागच्या माणसाला जागा करून दिली.